मोटेच्या सोंदुरापासून कॅमशाफ्टच्या खुणेपर्यंत



मागच्या चैत्रात आमच्या शिवारातला ट्रान्सफॉर्मर जळाला. बारा दिवस वीज नव्हती. दोन एकर केळी नुकती निसवायला लागलेली. खान्देशातला चैत्र म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. केळीला अशा वेळी चार दिवस पाण्याचा ताण पडला की घड बारीक राहतो, मग पुढं कितीही पाणी द्या, गेलेली फणी परत येत नाही. बोअरमधली पाणबुडी मोटर विजेशिवाय म्हणजे लोखंडाचा तुकडा. पण गिरणेच्या अंगाला असलेल्या जुन्या विहिरीत वीसेक फुटांवर पाणी होतं, आणि गोठ्यामागच्या पत्र्याखाली आबांचं जुनं डिझेल इंजन पडलेलं होतं. आठ वर्षं त्याला कोणी हात लावलेला नव्हता.

ते इंजन मी उतरवलं, बांधलं, आणि बांधताना एक मोठी चूक केली. त्या चुकीमुळं मला आपल्या भागातल्या इंजनांचा सगळा इतिहास आठवावा लागला. आज शेतातल्या नोंदीऐवजी तेच लिहितो. जरा लांब होईल, पण ज्याच्या घरी जुनं इंजन आहे त्याच्या कामाचं आहे.

आधी मोटेपासून सुरुवात करतो. माझ्या पिढीनं मोट चालताना जेमतेम पाहिली. सोंडेच्या मोटेला दोन दोर असायचे. जाड दोर म्हणजे नाडा, तो वरच्या मोठ्या चाकावरून जायचा आणि मोट उचलायचा. बारीक दोर म्हणजे सोंदूर, तो खालच्या लाकडी रुळावरून जायचा आणि मोटेची सोंड धरून ठेवायचा. दोन्ही दोर बैलांच्या जुवालाच बांधलेले. बैल धावेवरून खाली उतरायला लागले की मोट वर यायची. वर येईपर्यंत सोंड दुमडलेली, तोंड वर, त्यामुळं पाणी सांडत नसे. मोट थारोळ्यापाशी आली की नाडा मोटेला अजून वर ओढायचा आणि सोंदूर सोंडेला थारोळ्यात पसरायचा. पाणी आपोआप ओतलं जायचं. माणसानं हात लावायची गरज नाही.

आता यात कारागिरी कुठं होती? दोन दोरांच्या लांबीत. सोंदूर हातभर लांब झाला तर सोंड खाली लोंबायची आणि अर्धं पाणी वाटेतच विहिरीत परत. बैल तेवढेच दमायचे, पाणी मात्र अर्धंच. उघडायचं काय, कधी, किती वेळ, हे दोराच्या लांबीनं ठरायचं. इंजनात हेच काम कॅमशाफ्ट करतो. आबा म्हणायचे, इंजनात पण सोंदूर असतो, फक्त तो दिसत नाही. लहानपणी मला ते कळलं नव्हतं.

ही कॅमची युक्ती फार जुनी आहे. गोल फिरणाऱ्या दांड्यावर एका बाजूला उंचवटा ठेवायचा, म्हणजे दांडा फिरला की तो उंचवटा दर फेऱ्याला वरची वस्तू उचलतो आणि सोडतो. अल जझरी नावाचा एक यंत्रकार आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकीरच्या दरबारी होता. त्यानं 1206 साली लिहिलेल्या ग्रंथात अशा कॅमच्या दांड्यांची वर्णनं आहेत, आणि त्याच ग्रंथात पाणी उपसायची यंत्रंही आहेत. म्हणजे पाणी आणि कॅम यांची सोयरीक आठशे वर्षांची.

चार फटक्यांचं इंजन, ज्याला आपण फोरस्ट्रोक म्हणतो, ते जर्मनीत निकोलाउस ऑटोनं 1876 साली चालवून दाखवलं. पहिल्या फटक्यात पिस्टन खाली जातो आणि हवा आत ओढतो. दुसऱ्यात वर येऊन ती दाबतो. तिसऱ्यात जळणाचा भडका पिस्टनला खाली ढकलतो, हेच काय ते कामाचं. चौथ्यात पिस्टन वर येऊन धूर बाहेर हाकलतो. चार फटक्यांना क्रँकचे दोन फेरे लागतात, पण प्रत्येक व्हॉल्व्ह त्यात एकदाच उघडायचा असतो. म्हणून कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरला पाहिजे, आणि म्हणून कॅमच्या गिअरला क्रँकच्या गिअरपेक्षा बरोबर दुप्पट दाते असतात. जुनं इंजन उघडलं की दाते मोजून पाहा, हिशोब तंतोतंत जुळतो.

रुडॉल्फ डिझेलनं पुढं ठिणगीची गरजच काढून टाकली. हवा एवढी दाबायची की ती पाचशे अंशांच्या वर तापेल, आणि त्यात तेलाचा फवारा मारला की ते आपोआप पेटेल. त्याचं पेटंट 1893 चं, आणि नीट चाललेलं इंजिन 1897 चं, जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग गावच्या कारखान्यातलं. पण हवा तापण्यासाठी ती पूर्ण कोंडली गेली पाहिजे. व्हॉल्व्ह केसभर जरी उघडा राहिला तरी दाब निसटतो, हवा तापत नाही, तेल पेटत नाही. हँडल मारून मारून खांदे निखळतात ते याच्यामुळंच. कॅम आणि रॉकर नीट बसवायचं महत्त्व त्यात आहे.

आता आपल्या भागाकडं येतो. इंग्रजांच्या काळात, 1870 च्या दशकात, आपल्या भडगावला सरकारी प्रायोगिक शेती होती. कापसाच्या जाती आणि सुधारलेली अवजारं तिथं पारखली जायची. आजच्या पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. जामदा बंधाऱ्याचे पाट इंग्रजांच्या वेळेपासून आहेतच. पण ज्यांची जमीन पाटाच्या वर होती त्यांना विहीर आणि मोट यांच्याशिवाय दुसरं काही नव्हतं. एका मोटेवर किती भिजणार? बैलजोडी दिवसभर राबली तरी भाजीपाला, थोडा गहू, चार वाफे मिरची. केळीसारखं सतत पाणी पिणारं पीक मोटेवर वाढवायचं तर बैल मरायचे.

तेलावर चालणारी इंजनं आपल्या देशात शेतीच्या पाण्यासाठी 1900 नंतरच्या पहिल्या दशकात यायला लागली. मद्रास इलाख्यात अल्फ्रेड चॅटर्टन या अधिकाऱ्यानं विहिरींवर ऑइल इंजन आणि पंप बसवायचा मोठा खटाटोप केला. पण ती इंजनं विलायती, महाग, आणि बिघडली की दुरुस्त करणारा माणूस शंभर कोसावर.

महाराष्ट्रात हे बदललं ते कारखानदारांमुळं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावला सायकलचं दुकान काढलं, 1903 च्या सुमाराला लोखंडी नांगर केला, आणि 1910 साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरानं जमीन नासेल असं लोकांना वाटायचं, त्यामुळं सुरुवातीला नांगर खपेनात, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. तिकडं साताऱ्याच्या बाजूला धनजीशा कूपर यांनी 1922 साली कारखाना काढला. तेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. त्यांच्या कारखान्यानं 1933 साली डिझेल इंजिन बनवलं, आणि देशात बनलेलं पहिलं डिझेल इंजिन म्हणून तेच सांगितलं जातं. त्याच काळात, 1930 च्या आसपास, इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीचं संथ चालणारं उभं इंजिन बाजारात आलं. मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे, दोन जड चाकं, आणि दुरून ऐकू येणारा ठक् ठक् आवाज. पुढं राजकोटच्या कारखानदारांनी त्याच नमुन्याची हजारो इंजनं बनवली आणि ती आपल्याकडं पोचली.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे 1946 साली, पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. तिचं पाच हॉर्सपॉवरचं एव्ही-वन हे इंजिन ब्रिटिश पेटर कंपनीच्या नमुन्यावरचं. सिलिंडरचा व्यास 80 मिलिमीटर, फटका 110 मिलिमीटर, मिनिटाला 1500 फेरे. लिस्टरच्या मानानं लहान, हलकं आणि पळणारं. दोघा-चौघांनी उचलून बैलगाडीत टाकावं आणि दुसऱ्या विहिरीवर न्यावं. हा फरक शेतकऱ्याला फार मोठा होता. मोठं इंजन एका जागी ओट्यावर बसवलेलं असायचं, हे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायचं.

आमच्या घरी इंजन आलं ते 1972 च्या दुष्काळानंतर. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याला महत्त्व नाही. उभं, एका सिलिंडरचं, पाण्यानं थंड होणारं, पाच हॉर्सपॉवरचं. आबांनी कर्ज काढून घेतलं. आजी म्हणे आठ दिवस बोलली नव्हती, कारण त्यासाठी एक बैलजोडी विकली होती. गिरणा धरण 1969 साली झालेलं होतं, वीज मंडळ 1960 पासून होतं, पण आमच्या शिवारात पाट नव्हता आणि विजेचे खांबही आलेले नव्हते. दुष्काळानं एकच गोष्ट शिकवली होती, की विहिरीत आहे तेवढं पाणी तरी झटकन काढता आलं पाहिजे.

आणि पुढच्याच वर्षी, 1973 च्या शेवटाला, अरब देशांनी तेल आखडलं. जगात तेलाचा भाव बॅरलला तीन डॉलरच्या आसपास होता तो काही महिन्यांत बारा डॉलरच्या जवळ गेला. भडगावच्या शेतकऱ्याला अरबस्तान कुठं आहे ते माहीत नव्हतं, पण डिझेलच्या डब्याला किती पैसे जास्त पडले ते माहीत होतं. पाच हॉर्सपॉवरचं इंजन पूर्ण भारावर तासाला साधारण लिटरभर डिझेल खातं. तेव्हापासून इंजन कमी तेलात चालवणं हा आमच्या घरचा धर्म झाला. आणि कमी तेलात चालवायचं तर व्हॉल्व्ह, टॅपेट, नोझल ठीकठाक पाहिजेत. आबा महिन्याला टॅपेट तपासायचे. दिवाळीला घर सारवावं तसं.

इथं एक हिशोब सांगतो. 1500 फेऱ्यांच्या इंजनात कॅमशाफ्ट मिनिटाला 750 फेरे फिरतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 750 वेळा उघडतो आणि बंद होतो. तासाला 45,000 वेळा. दिवसाला सहा तास धरले तर 2,70,000 वेळा. उन्हाळ्याचे नव्वद दिवस धरले तर 2 कोटी 43 लाख वेळा. तेवढ्या वेळा कॅमचा उंचवटा टॅपेटला घासतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला, रॉकर व्हॉल्व्हला. तेल कमी पडलं तर कॅम झिजणार नाही तर काय होईल?

आता माझ्या कामाकडं येतो.

इंजन उघडलं. लायनर-पिस्टन नवे टाकले, रिंगा नव्या, व्हॉल्व्ह घासून बसवले. क्रँकच्या गिअरचे दोन दाते खाल्लेले होते, तो गिअर नवा आणला. कॅमशाफ्ट पुसून उन्हात धरला. त्यावर तीन उंचवटे असतात. एक हवेच्या व्हॉल्व्हचा, एक धुराच्या व्हॉल्व्हचा आणि एक डिझेल पंपाचा. बोटाचं नख फिरवून पाहिलं, कुठं खड्डा नाही, टोक बसलेलं नाही. शाफ्ट बुशात हलवून पाहिला, ढिला नव्हता. तिन्ही उंचवट्यांना आणि बुशांना तेल लावलं. माझ्या इंजनात टॅपेट खालून रुंद आहेत, छत्रीसारखे. ते आधी जागेवर घालून वर ढकलून धरावे लागतात, मग कॅमशाफ्ट सरकवायचा. आधी शाफ्ट बसवला तर टॅपेट जातच नाहीत. हे मी बरोबर केलं.

चुकलो ते खुणेला. दोन्ही गिअरच्या दात्यांवर खूण असते, ती समोरासमोर आणायची. नव्या क्रँक-गिअरवर कंपनीचा टिंब स्पष्ट होता. कॅमच्या गिअरवर मला छिन्नीची एक ठळक रेघ दिसली. टिंबासमोर रेघ आणली आणि बसवलं. हातानं फिरवलं तेव्हा एका जागी जरासं अडल्यासारखं वाटलं. नवीन रिंगा आहेत, जड जाणारच, असं स्वतःला समजावलं. केळी वाळत होती, घाई होती.

हेड बसवलं, टॅपेट लावले, डिझेल सोडलं, हवा काढली. मी हँडल मारलं, पोरानं मारलं, शेजारच्या भाऊंनी मारलं. सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि काही नाही. संध्याकाळपर्यंत तिघांचे हात वर होईनात.

रात्री जुन्या मिस्तरींना फोन लावला. सत्तरी ओलांडलेली आहे, डोळ्यांना कमी दिसतं, काम सोडलंय. एके काळी सायकलला पान्यांची थैली अडकवून दहा गावं फिरायचे. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "खूण देखी का तुनी?"

मी म्हणालो, पाहिली, छिन्नीची आहे.

ते थोडं थांबले. मग म्हणाले, "ती रेघ मनी शे. जुना क्रँक-गिअरले खूण नव्हती, म्हनीसन मारेल व्हती. नवा गिअरले ती चालत नही. कंपनीना टिंब शोध."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उघडलं. कॅमच्या गिअरवरची काजळी रॉकेलनं घासली, तेव्हा एक दाता सोडून बाजूला बारीक टिंब निघाला. माझा एक दाता चुकला होता. एक दाता म्हणजे किती? कॅमच्या गिअरला 60 दाते धरले तर एक दाता म्हणजे कॅमचे 6 अंश, आणि क्रँकचे 12 अंश. व्हॉल्व्ह तेवढे उशिरा उघडणार, उशिरा मिटणार. डिझेलचा पंपही त्याच शाफ्टवर, म्हणून फवाराही तेवढाच उशिरा. तोपर्यंत पिस्टन माथ्यावरून खाली निघालेला, हवा गार व्हायला लागलेली, डिझेल पेटायच्या ऐवजी पांढरी वाफ होऊन बाहेर. आणि ते जे अडल्यासारखं वाटलं होतं, ते पिस्टन धुराच्या व्हॉल्व्हला टेकत होता. वेळेवर न मिटलेला व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेत येत होता. एक पुशरॉड वाकलेला निघाला. काचेवर लोळवून पाहिला तर डुगडुगत होता. नशीब व्हॉल्व्ह वाकला नाही.

मिस्तरींना परत फोन केला तेव्हा ते हसले. म्हणाले, "चूक इंजननी नही शे, तुनी शे. इंजनले घाई चालत नही भो."

टिंबासमोर टिंब आणला. यावेळी हातानं क्रँकचे पूर्ण दोन फेरे फिरवले, सावकाश. कुठंही टेकलं नाही. मग टॅपेट. ते कसे लावायचे ते नीट लिहितो, कारण यात बरेच जण फसतात.

इंजन पूर्ण गार पाहिजे. डिकॉम्प्रेशनची दांडी सोडलेली पाहिजे, नाही तर ती धुराचा व्हॉल्व्ह उचलून धरते आणि सगळं माप खोटं येतं. पिस्टन माथ्यावर आणायचा. पण पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा माथ्यावर येतो. एकदा हवा दाबून झाल्यावर, आणि एकदा धूर टाकून झाल्यावर. दुसऱ्या वेळी धुराचा व्हॉल्व्ह मिटत असतो आणि हवेचा उघडायला लागलेला असतो, दोन्ही रॉकर हलत असतात. तिथं माप घेतलं तर व्हॉल्व्ह किंचित उचललेले असतानाच फट बसवली जाते, आणि खरी फट नंतर मोठी निघते. म्हणून रॉकर हलताना पाहायचे, तिथून पुढं बरोबर एक फेरा फिरवायचा. आता दोन्ही व्हॉल्व्ह बंद, दोन्ही पुशरॉड बोटांनी गरगर फिरतात. ही जागा खरी.

रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमध्ये फिलर गेजची पाती घालायची. माप तुमच्या इंजनाच्या पुस्तकात दिलेलं असतं तेच धरायचं, शेजाऱ्याच्या इंजनाचं नाही. धुराचा व्हॉल्व्ह जास्त तापतो, जास्त लांबतो, म्हणून बऱ्याच इंजनांत त्याची फट हवेच्या व्हॉल्व्हपेक्षा थोडी जास्त असते. लॉकनट ढिला करून स्क्रू फिरवायचा. पाती सरकताना हाताला किंचित ओढ लागली पाहिजे, अडकली नाही पाहिजे. मग स्क्रू धरून नट आवळायचा आणि पुन्हा पाती घालून पाहायचं, कारण नट आवळताना माप हलतंच. हेडचे बोल्ट पुन्हा आवळले तर टॅपेट पुन्हा लावायचे. नवं बांधलेलं इंजन पंधरा-वीस तास चाललं की परत एकदा तपासायचे.

फट जास्त ठेवली तर टकटक वाजतं, व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो, कमी उचलतो, ताकद कमी पडते. हे निदान ऐकू तरी येतं. फट कमी ठेवली तर काही ऐकू येत नाही, इंजन गोड चालतं, आणि तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. गरम धूर त्या केसभर फटीतून सुसाट जातो आणि व्हॉल्व्हची कड जाळून टाकतो. आवाज करणारं इंजन बरं, मुकं जळणारं वाईट.

जुने मिस्तरी फिलर गेज नसताना दाढीचं ब्लेड वापरायचे. ते ब्लेड साधारण 0.1 मिलिमीटर जाड असतं. दोन ब्लेडं एकावर एक ठेवली की 0.2. आमच्या मिस्तरींच्या थैलीत धार बोथट केलेल्या ब्लेडांची जोडी कागदात गुंडाळलेली असायची. लोक हसायचे. आज मला वाटतं, त्या माणसानं मिलिमीटरचा दहावा हिस्सा खिशात घालून आयुष्य काढलं, आणि मी त्याच्या छिन्नीची रेघ वाचू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजन तिसऱ्या हँडलला लागलं. आधी काळा धूर, मग स्वच्छ. केळीला पाणी मिळालं, पण ट्रान्सफॉर्मर जळाल्याला तेव्हा सात दिवस झाले होते. त्यातला एक दिवस माझ्या एका दात्यानं खाल्ला. वरच्या अंगाच्या चार-पाच ओळींचे घड बारीकच राहिले. ते नुकसान माझ्या घाईचं, ते मी कोणाच्या माथी मारत नाही.

इंजनं आपल्या शिवारातून गेली कशी, हेही लिहिलं पाहिजे, कारण लोक म्हणतात वीज आली म्हणून गेली. ते अर्धंच खरं. वर बसवलेला पंप पाणी ओढतो म्हणजे हवेचा दाब पाणी वर ढकलतो, आणि हवेचा दाब 10.3 मीटरच्या वर पाणी ढकलूच शकत नाही. प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढं पंप दम टाकतो. पाणी खाली गेलं तशी लोकांनी इंजनं विहिरीत उतरवली, मधल्या टप्प्यावर खड्डा करून बसवली. त्यात धोका होता. विहिरीत धूर साचतो, त्यातल्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि माणूस खाली उतरला की परत येत नाही. आजही कोणी असं करत असेल तर करू नका. पाणी अजून खाली गेलं, बोअर आले, आणि बोअरमध्ये इंजन उतरत नाही. म्हणजे इंजनाला विजेनं जेवढं हरवलं तेवढंच आपण उपसलेल्या पाण्यानं हरवलं. ज्या इंजनानं पाणी काढणं सोपं केलं, त्याच सोपेपणानं पाणी त्याच्या हाताबाहेर गेलं.

आता सौर पंप आलेत. केंद्राची कुसुम योजना 2019 पासून आहे, राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' 2024 पासून. मीही अर्ज केलाय. डिझेलच्या भावात पाणी काढणं परवडत नाही, हे मी कोणापेक्षा कमी जाणत नाही. जुनं ते सोनं म्हणायला हा लेख लिहिलेला नाही.

पण भंगारवाला येतो, किलोवर भाव सांगतो, आणि इंजनाबरोबर त्यातल्या खुणा पण नेतो. कारखान्यांचा इतिहास लिहिलेला आहे, किर्लोस्करांचा आहे, कूपरांचा आहे, आणि तो असायलाच पाहिजे. ज्यांनी ती इंजनं पन्नास पन्नास वर्षं चालती ठेवली, ज्यांनी नवा गिअर मिळेना म्हणून छिन्नीनं खूण मारली आणि भागवलं, त्यांचा इतिहास कुठं लिहिलाय? तो गिअरवर लिहिलाय, काजळीखाली. आणि तो वाचायला सांगणारा माणूस अजून फोन उचलतो तोवरच त्याचा अर्थ लागतो.

मी दोन गोष्टी केल्या. कॅमच्या गिअरवरच्या जुन्या रेघेवर आडवी फुली मारली, म्हणजे पुढचा फसणार नाही. आणि गोठ्याच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवलं, टिंबासमोर टिंब, क्रँक-गिअर नवा, टॅपेटचं माप अमुक, तारीख अमुक. पोरगा म्हणाला, फोटो काढून ठेवला असता की. तो पण काढला. पण फोन तीन वर्षांत बदलतो, भिंत राहते.

आता दर अमावस्येला इंजन अर्धा तास चालवतो. बंद पडलेल्या इंजनात एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असू शकतो, तिथून ओल आत शिरते आणि लायनरला गंज धरतो. चालवायचं नसेल तर निदान डिकॉम्प्रेशन सोडून पिस्टन दाबाच्या माथ्यावर ठेवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतील. सायलेन्सरच्या तोंडाला डबा उपडा घाला. ज्याच्याकडं जुने मिस्तरी अजून आहेत, त्यांनी इंजन बिघडायची वाट न पाहता त्यांना एकदा घरी चहाला बोलवा, इंजनाचं झाकण उघडा, आणि कोणती खूण कोणाची ते विचारून घ्या.

राम राम.